आधी खुर्ची फिरवा, मग कारंज्याचं बघू

प्रश्न : काकू, आम्ही मिरजेजवळ दुमजली घर बांधलं. घराचं तोंड उत्तरेला. पुढे घरापासून फाटकापर्यंत २० फूट आणि रुंदीला ३० फूट मोकळी जागा आहे. मागच्या दाराला जुना आंबा आणि सासूबाईंचं तुळशी वृंदावन. जानेवारीत पुण्याला एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन पाहिलं आणि येताना गाडीतच यादी केली : हिरवळ, कारंजं, गझिबो, झोपाळा, पांढऱ्या गोट्यांची पायवाट, रंगीत दिवे. हातात ७५ हजार आहेत. हे म्हणतात, सगळंच थोडं थोडं करू. तुम्ही काय कराल?
— एक वाचक, मिरज

उत्तर : तुमची यादी वाचून हसू आलं, कारण १९९८ साली साताऱ्याला आमचं घर झालं तेव्हा माझी यादीही जवळजवळ हीच होती. फक्त रंगीत दिव्यांच्या जागी माझ्याकडे सिमेंटचे दोन बगळे होते. त्यातला एक अजून आहे, एका पायावर, पंपाच्या खोलीमागे.

'सगळं थोडं थोडं' मात्र करू नका. लग्नाच्या पंगतीत पानाच्या डाव्या बाजूला जसं सगळं चमचा चमचा वाढतात, तशी बाग होते. पोट कशानंच भरत नाही.

आधी एक फुकटचं काम करा. घरातली एक प्लास्टिकची खुर्ची घ्या आणि आठवडाभर ती अंगणात फिरवत राहा. सकाळचा चहा एका जागी, संध्याकाळची भाजी निवडणं दुसऱ्या जागी. ऊन कुठे टोचतं, वारा कुठून येतो, शेजारच्यांच्या खिडकीतून कुठे दिसतं, डास कुठे चावतात, हे बसल्याशिवाय कळत नाही. आठव्या दिवशी खुर्ची आपोआप जिथे राहिलेली असेल, ती तुमच्या बागेची बैठक. बाकी सगळं तिच्याकडे बघून ठरवायचं. गिऱ्हाइकांच्या बागा लावायला मी पहिल्यांदा गेले की नेहमी हेच सांगते, आणि दर वेळी घरातलं कुणीतरी म्हणतं, "एवढ्यासाठी बाईंना बोलावलं?"

आता ऊन. उत्तराभिमुख घर आहे म्हणून हे नीट वाचा. मिरजेला जूनमध्ये भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला कलतो, म्हणजे पुढच्या अंगणात लख्ख ऊन. पण डिसेंबरात तो दक्षिणेला इतका उतरतो की २२ फूट उंच घराची दुपारची सावली उत्तरेला १८-१९ फूट पडते. तुमचं अंगण किती खोल? २० फूट. म्हणजे फाटकाजवळची पट्टी सोडली तर ऐन थंडीत सगळं अंगण सावलीत. गुलाब, झेंडू, शेवंती यांचा हंगाम नेमका तोच. प्रदर्शनात पाहिलेले गुलाब तुमच्याकडे का फुलत नाहीत म्हणून पुढच्या वर्षी तुम्ही खतवाल्याला बोल लावाल. बिचाऱ्याचा दोष नसेल.

हिरवळीचंही तेच. मेक्सिकन म्हणा नाहीतर सिलेक्शन वन म्हणा, गवताला ऊन लागतं आणि पाणी लागतं. तुमचं अंगण ६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर धरलं तरी २८० लिटर, अठरा-एकोणीस बादल्या, रोज. मे महिन्यात नळाला पाणी किती येतं ते तुम्हाला माहीत आहे. हिरवळ हवीच असेल तर फाटकाजवळच्या उन्हात, दोन माणसं पाय पसरून बसतील एवढाच तुकडा करा. आणि ते प्लास्टिकचं गवत आणू नका. एप्रिलच्या दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा, मग मला पुन्हा पत्र लिहायची गरज पडणार नाही.

कारंजं मी करून चुकले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिली दिवाळी छान गेली. मग बोअरच्या पाण्यातले क्षार तोटीत धरायला लागले. काठावर पांढरे ओघळ आले. पंप दोनदा जळला. तिसऱ्या वर्षी आम्ही कारंजं फक्त पाहुणे आले की लावायचो आणि एरवी त्या हौदात पाणी नुसतं उभं असायचं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंखांपर्यंत यायला सात-दहा दिवस पुरतात. आमच्याकडे त्याची अख्खी शाळा भरली होती. शेवटी यांनी घण आणला. शनिवारवाड्यातलं सोळा पाकळ्यांचं हजारी कारंजं आपल्याला भुरळ घालतं, पण ते राखायला पेशव्यांकडे माणसं होती. आपल्याकडे रविवार आहे, तोही अर्धा.

पाणी हवंच असेल तर दगडी डोणी घ्या, गुरांना पाणी पाजायची असते ती. जुन्या गोठ्यांतल्या डोण्या तुमच्या भागात अजून मिळतात. दीड फूट खोल पुरे. तळाला चिखलमाती, त्यावर वाळूचा थर, एक कुमुदिनी आणि पाच-सहा गप्पी मासे. वीज नको, पंप नको. मासे वाढले की ओढ्यात मात्र सोडू नका, तिथल्या देशी माशांच्या मुळावर येतात. शेजाऱ्यांच्या हौदाला द्या. डोणी बैठकीपासून दिसेल अशी ठेवा, पण झाडाखाली नको. पानं कुजून वास मारतो.

पायवाटेसाठी मात्र हात सैल सोडा. तुमच्याकडची माती काळी. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावर नुसती फरशी टाकली तर दुसऱ्या पावसाळ्यात ती हलत्या दातासारखी होते. नऊ इंच माती काढा, मुरूम भरा, पाणी मारून धुम्मसाने ठोका, त्यावर दोन इंच कच, म्हणजे दगडाचा बारीक चुरा, मग फरशी. गवंडी म्हणेल एवढं लागत नाही. म्हणू द्या, आणि ठोकून होईपर्यंत तिथून हलू नका. निम्मे पैसे जमिनीखाली गेले तरी हळहळू नका. रुंदी फाटक ते दार चार फूट, म्हणजे दोघं बरोबरीनं चालतील आणि सिलिंडरवाला कुंड्या पाडणार नाही. बाकीकडे अडीच फूट चालेल.

पांढरे गोटे नकोत. त्यातली पानं झाडूने निघत नाहीत, एकेक वेचावी लागतात. सुटे दगड मांडायचे असतील तर दोन दगडांमधलं अंतर पुस्तकातलं घेऊ नका. सासूबाईंना साडीत चालायला सांगा आणि पावलं पडतील तिथे चुन्याने खुणा करा. यजमानांच्या ढांगेवर मांडलेले दगड घरातल्या बायकांना उड्या मारायला लावतात. हे मी निदान चार बंगल्यांत पाहिलंय.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली गोष्ट यादीत नाहीच. ती मागच्या दाराला आहे. जुना आंबा आणि वृंदावन विकत मिळत नाही, आणि दक्षिणेची बाजू असल्यामुळे थंडीतलं कोवळं ऊनही तिथेच मिळणार. माझं ऐकाल तर पहिल्या वर्षी पुढे फक्त पायवाट करा आणि बाकी सगळं मागे करा. स्वयंपाकघराचं दार उघडलं की वृंदावन समोर दिसेल अशी सरळ वाट आखा. वृंदावनाभोवती तीन फूट फरशी ठेवा, प्रदक्षिणेला आणि तुळशीच्या लग्नात रांगोळीला. लग्नाला बाजूला ऊस उभे करायचे असतात, तर फरशीत चार कोपऱ्यांना चार भोकं आत्ताच ठेवून द्या. एरवी त्यात बुचं.

आंब्याखाली पार बांधायची हौस सगळ्यांना असते. बांधा, पण बुंध्याभोवती मातीचा भराव घालू नका. वर्षानुवर्षं उघड्यावर असलेली मुळं गुदमरतात आणि झाड दोन-चार वर्षांनी वरून वाळायला लागतं. तेव्हा कुणालाच आठवत नाही की आपण काय केलं होतं. बुंध्यापासून तीन-चार फूट सोडून एका बाजूला दगडी कट्टा करा, १६ इंच उंच आणि तितकाच रुंद. मोठं मूळ आलं तर पाया तिथून सरकवा, मूळ तोडू नका. झोपाळा आंब्याखाली नको. मोहराच्या दिवसांत तुडतुड्यांमुळे खाली सगळं चिकट होतं आणि पुढे कैऱ्यांचा चीक. तो कातडीला भाजतो.

गझिबोऐवजी मागच्या दाराला लागून मांडव घाला. लोखंडी नळ्या, आठ फूट उंची, वर तारा. पश्चिमेच्या अंगाला जुई चढवा म्हणजे उन्हाळ्यात संध्याकाळचा पश्चिमेचा वारा वास घेऊनच आत येईल. पावसाळ्यात शेजारी घोसाळी सोडा. मधुमालतीचा मोह आवरा. दिसते गोड, पण पाच वर्षांत मांडव, गटार आणि टीव्हीची केबल तिघांना मिठी मारते. झोपाळा या मांडवात टांगा, नळी मात्र त्या हिशेबाने जाड घ्या. दिवे रंगीत नकोत. पायरीशी एक आणि वाटेवर गुडघ्याच्या उंचीचे दोन, पिवळसर. रात्री जुई पांढरी दिसते तेवढं पुष्कळ.

पैसे उरले तर पुढच्या अंगणासाठी बाजूला ठेवा आणि एक थंडी, एक उन्हाळा जाऊ द्या. खुर्ची चालू ठेवा.

प्रश्न : आमच्या अंगणातली जांभ्याची फरसबंदी पावसात शेवाळते. वडील गेल्या वर्षी घसरले. काढून चकचकीत टाइल्स घालाव्यात का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : देवा! टाइल्स अजिबात नकोत. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तुमच्याकडे. गुळगुळीत टाइलवर शेवाळ धरलं की ती काचेसारखी निसरडी होते. जांभा खरखरीत आहे, तो तुमच्या बाजूचा आहे. उतार तपासा. पाच फुटाला निदान एक इंच उतार हवा आणि पाणी जायला वाट हवी. ज्या दगडांवर पाणी थांबतं तेवढेच उचलून पुन्हा बसवा. वरच्या फांद्या मिरगाच्या आधी छाटून ऊन आत येऊ द्या. श्रावणात एकदा तारेच्या ब्रशने घासा. आणि वडील ज्या वाटेने जातात तिथे हाताच्या उंचीला बांबूचा कठडा, आजच.

माझं माहेर राजापूरकडचं. आमच्याकडे पावसाळ्यात खळ्यात कुणी फिरायचंच नाही. दिवाळीनंतर ते चोपून सारवायचं, मांडव घालायचा, मग खरं अंगण सुरू. पावसात फक्त विहिरीकडची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, वापरात. सगळं अंगण बारा महिने चालतं राहावं हा हट्ट नवा आहे. एक वाट नीट राखा, बाकी शेवाळू दे. हिरवं दिसतं छान. आणि जांभ्याचा गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेलं कुंपण, पाडून सिमेंटची भिंत घालायचा विचार कुणी बोलून दाखवलाच, तर आठवण करून द्या की गडग्यातून पाणी जातं, भिंतीमागे तुंबतं.

प्रश्न : नागपूरला पश्चिमेची भिंत इतकी तापते की आतली खोली भट्टी होते. तिच्यावर कप्प्याकप्प्यांची उभी बाग लावू का? कूलरमधलं पाणी तिला चालेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कप्प्यात ओंजळभर माती, आणि ऊन ४५ अंशांचं. एक दिवस गावाला गेलात की संपलं. भिंतीपासून सहा इंच सोडून तारांची जाळी उभारा आणि खाली जमिनीत वेल लावा. मधल्या फटीतून हवा खेळते, सावली पडते, भिंत थंड राहते. पहिला उन्हाळा हिरवी जाळी बांधून वेलाला सांभाळा. कूलरचं पाणी रोज नको. त्यातलं पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात, टाकीच्या तळाची पांढरी साय तीच. टाकी धुताना ते एखाद्या मोठ्या झाडाच्या आळ्यात ओता.

प्रश्न : डोंबिवलीला आमची गॅलरी चार बाय नऊ फूट. झोपाळा ठेवू की झाडं?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : झोपाळा. झाडं कठड्याच्या आतल्या अंगाला टांगा. कुंड्या बाहेर टांगल्यात तर खालच्या मजल्यावरून पत्र मला येईल.

आणि एक तक्रार : कोल्हापूरच्या एका वाचकांनी लिहिलंय की, उन्हाळी अंकात मी कुंडीतल्या मातीवर पांढरे गोटे पसरायला सांगितले होते, त्यांनी पसरले आणि मोगऱ्याची खालची पानं करपली. बरोबर आहे तुमचं. सावलीतल्या कुंडीला ते चालतं, तुमची कुंडी गच्चीवर आहे हे मी विचारायला हवं होतं. पांढरा दगड ऊन परत वर फेकतो. गोटे काढा, नारळाच्या शेंड्या किंवा उसाचं पाचट पसरा, तुमच्याकडे पाचटाला तोटा नाही. मोगरा छाटून थोडा आडोशाला सरकवा, नवीन फूट येईल. आणि हो, त्या गोट्यांचे पैसे माझ्याकडे मागितलेत, ते मात्र मिळणार नाहीत. हवा असेल तर आमचा बगळा घेऊन जा.