नोटीस आली म्हणून लेख मागे घ्यावा का?

प्रश्न : आमच्या खानापूर (जि. बेळगाव, कर्नाटक) तालुक्यातील एका पतसंस्थेत मुदत संपूनही ठेवी परत मिळत नाहीत, याविषयी मी एका मराठी साप्ताहिकात लेख लिहिला. माझ्या आईची ठेवही तेथे अडकली आहे. लेखात 'चेअरमननी गोरगरिबांचे पैसे खाल्ले' असे एक वाक्य होते. आता चेअरमनच्या वकिलांची कन्नडमधून नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत जाहीर माफी मागून दहा लाख रुपये भरपाई द्यावी, अन्यथा दिवाणी दावा आणि फौजदारी फिर्याद दाखल होईल. घरचे म्हणतात, माफी मागून मोकळा हो. अशा वेळी भाषणस्वातंत्र्य कामी येते का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : आपल्या लेखात दोन निराळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत आणि त्या आधी वेगळ्या केल्या पाहिजेत. ठेवी परत मिळाल्या नाहीत, हे ठेवपावत्या, संस्थेला दिलेले अर्ज आणि वार्षिक अहवाल यांवरून सिद्ध करता येईल. 'पैसे खाल्ले' हा मात्र थेट अपहाराचा आरोप आहे. ठेवी बुडीत कर्जांमुळे किंवा ढिसाळ कारभारामुळेही अडकतात. अपहारच झाला हे दाखवणारा कागद हाती नसेल, तर ते एक वाक्य साऱ्या लेखाला अडचणीत आणील.

राज्यघटनेच्या कलम १९ ने भाषणस्वातंत्र्य दिले, पण त्याच कलमात अब्रुनुकसानी हे वाजवी निर्बंधाचे एक कारण म्हणून नमूद आहे. सुब्रमण्यम स्वामी खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी अब्रुनुकसानीची तरतूद वैध ठरवली. भरपाईचा दिवाणी मार्ग खुला असताना शब्दांसाठी तुरुंगाची भीती कायम ठेवणे मला पटत नाही, कारण या भीतीने सर्वांत आधी गप्प होतो तो आपल्यासारखा साधा ठेवीदार. तरीही कायदा आज तोच आहे : १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा अशी शिक्षा आहे.

त्याच कलमात अपवादही आहेत. दिवाणी दाव्यात विधान खरे ठरले, तर तेवढा बचाव पुरतो. फौजदारीत ते खरे असण्याबरोबरच लोकहितासाठी प्रसिद्ध केलेले असावे लागते. सार्वजनिक प्रश्नासंबंधी कोणाच्या वर्तनावर सद्भावनेने व्यक्त केलेले मतही संरक्षित आहे, मात्र सद्भावना म्हणजे लिहिण्यापूर्वी घेतलेली पुरेशी काळजी. राजगोपाल खटल्यातील १९९४ च्या निकालाने सरकारी अधिकाऱ्यांच्या कामकाजावरील टीकेला अधिक मोकळीक दिली. पतसंस्थेचा चेअरमन त्या कक्षेत येईलच असे गृहीत धरू नये.

घरच्यांना एवढे जरूर सांगावे की हा गुन्हा अदखलपात्र व जामीनपात्र आहे, त्यामुळे पोलीस थेट दारात येणार नाहीत. फिर्याद दंडाधिकाऱ्यांपुढे करावी लागते आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार दखल घेण्यापूर्वी आपले म्हणणे ऐकणे बंधनकारक आहे. साप्ताहिक महाराष्ट्रातील चंदगड, गडहिंग्लजकडेही जात असेल, तर फिर्याद सीमेपलीकडे दाखल होण्याची शक्यता आपल्या भागात नेहमीच असते. पण आरोपी न्यायालयाच्या हद्दीबाहेर राहत असल्यास समन्स काढण्याआधी दंडाधिकाऱ्यांना चौकशी करावी लागते. पुढील लेखांवर मनाई हुकूम मागितला गेल्यास ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणातील मार्च २०२४ चा निकाल वकिलांच्या नजरेस आणावा. खटला चालण्यापूर्वी अशी मनाई केवळ अपवादात्मक परिस्थितीत द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले आहे.

सरसकट माफी मागू नये. नोटिशीचे मराठी भाषांतर शब्दन् शब्द समजून घ्यावे आणि मुदतीच्या आत वकिलांमार्फत उत्तर द्यावे : अपहाराचा पुरावा नसेल तर तेवढे एक वाक्य मागे घेत असल्याचे स्पष्ट लिहावे, ठेवींविषयीचा उरलेला मजकूर कायम असल्याचे तितक्याच स्पष्टपणे नोंदवावे आणि सोबत आईच्या ठेवपावतीची प्रत जोडावी.