आय-७५१ लटकलंय? एन-४०० भरून टाक

अगं, आय-७५१ (लग्नावर मिळालेल्या दोन वर्षांच्या ग्रीनकार्डावरची अट काढायचा अर्ज) लटकलंय म्हणून एन-४०० (अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज) अडत नाही. ग्रीनकार्डाला तीन वर्षं व्हायच्या ९० दिवस आधीपासून अर्ज चालतो. फक्त तीनही वर्षं नवरा अमेरिकन नागरिक हवा आणि तुमचा संसार एकत्र हवा. नागरिकत्व मात्र आय-७५१ मंजूर झाल्यावरच. बरेचदा दोन्ही एकाच मुलाखतीत उरकतात, म्हणून भाडेकरार, जॉइंट खातं, टॅक्सचे कागद ताजे ठेव.

कोथरूडला आलीयेस ते ठीक, पण गणपती, मग दिवाळी करत सहा महिने रेंगाळू नकोस. तीन वर्षांत किमान १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेत हवेत. पुणं सोडल्या-परतल्याच्या तारखा आत्ताच वहीत लिही. माझ्या पासपोर्टावरचा शिक्का इतका पुसट की रात्रभर जुने बोर्डिंग पास धुंडाळले! परतताना मुदत संपलेलं ग्रीनकार्ड आणि त्याच्या मुदतवाढीचं पत्र हातातल्या पर्समध्ये ठेव, चकल्यांच्या बॅगेत नाही.