एकाच टीव्हीवर दोघांनी खेळायचे स्प्लिट-स्क्रीन गेम आता इतके कमी का येतात?

मुख्य कारण कन्सोलवरचा, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावरचा ताण. स्क्रीन दुभागली की तोच देखावा एकाच वेळी दोन कोनांतून रंगवावा लागतो, आणि ग्राफिक्स जितके भारी तितकं ते जड. २०१५ च्या 'हेलो ५' मध्ये सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) गाठायच्या म्हणून स्प्लिट-स्क्रीनच काढून टाकलं. शिवाय ऑनलाइनमध्ये प्रत्येकाला आपापला कन्सोल आणि गेम घ्यावा लागतो. कंपन्यांच्या ते पथ्यावरच पडलं.

मला याचं खरंच वाईट वाटतं. नाशिकला सिडकोतल्या छोट्या खोलीत आम्ही पोरं गादीवर दाटीवाटीनं बसायचो. शेजारच्याच्या चौकोनात डोकावून तो कुठे लपलाय ते बघायचं, मग "चीटिंग करतोस!" म्हणून कोपराची ढुशी. हेडफोन लावून ती मजा येत नाही.

घरी भावंडं असतील तर 'इट टेक्स टू' (२०२१) किंवा 'स्प्लिट फिक्शन' (२०२५) घ्या. दोन्ही फक्त दोघांसाठीच बनवलेत, दुसरा कंट्रोलर तेवढा हवा.