‘आम्ही नीट दोनदा दिली’

पत्र : मुलीला बारावी सायन्सला 84 टक्के. आम्ही नीट दोनदा दिली, एमबीबीएस हुकलं. तिसऱ्यांदा बस म्हटलं तर म्हणते, ब्रॉयलर कोंबड्यांचे पाय का वाकतात ते शिकायचंय. वाळपईला तिच्या मामाची शेड आहे. सुट्टीभर तिथे वही घेऊन बसते. कुठलं पिल्लू लंगडतं, किती पावलं चालून बसतं, सगळं लिहिते. इंजेक्शनं देऊन फुगवलेल्या कोंबड्यांत शिकण्यासारखं काय आहे? तिला समजवा. – एक पालक, डिचोली

उत्तर : नमस्कार. तिच्याआधी तुमच्याशीच बोलते. ‘आम्ही दिली’ हे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. परीक्षा तिने दिली, दोनदा, आणि अपयशही तिनेच सोसलं. तिला काय हवंय हे पत्रात आलं, तेही तक्रार म्हणून. शेडच्या त्या वासात तासन्‌तास बसून पिल्लांची पावलं मोजणारी मुलगी मला या पत्रातली सगळ्यात आशेची गोष्ट वाटली. तिची इच्छा नसताना तिसरं वर्ष घालवू नका.

आता इंजेक्शनाचं. हा समज घराघरात आहे आणि तो चुकीचा आहे. जेमतेम 40 ग्रॅमचं पिल्लू सहा आठवड्यांत दोन किलोच्या वर जातं ते मुख्यतः पिढ्यान्‌पिढ्या निवडून केलेल्या पैदाशीमुळे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने 1957 आणि 1978 पासून जपलेले वाण आणि 2005 चा व्यापारी वाण एकाच खाद्यावर वाढवले. 56 दिवसांनी सरासरी वजनं भरली 905, 1808 आणि 4202 ग्रॅम. खाद्य तेच होतं, फरक रक्तातला. पण मांसाच्या या वेगाला हाड पुरं पडलं नाही. घाईत घडलेलं हाड सच्छिद्र राहतं, त्यावर जड छातीचा भार. पाय वाकतो, पक्षी बसून राहतो, पाण्यापर्यंतही पोचत नाही. हाडाची ताकद एका जनुकावर ठरत नाही, अनेकांचा थोडाथोडा वाटा असतो. आणि ती नेमकी मोजायची तर नडगीचं हाड यंत्रात दाबून मोडावं लागतं. तोवर ती कोंबडी पैदाशीला उरलेली नसते. मग तिच्या भावंडांच्या हाडांवरून, डीएनएवरून अंदाज बांधायचा. तुमची मुलगी या प्रश्नाच्या दाराशी बसली आहे.

तिलाही एक स्पष्ट सांगते. हा अंदाज म्हणजे संख्याशास्त्र. गणित सोडलं असेल तर पुन्हा धरावं लागेल. आकड्यांचा कंटाळा असेल तर हे क्षेत्र तिचं नाही.

वाटा दोन : नीटच्या गुणांवर जमलं तर साडेपाच वर्षांची पशुवैद्यकीय पदवी, त्यासाठी गोव्याबाहेर जावं लागेल, आणि पुढे पशुआनुवंशिकी, नाहीतर बायोटेक्नॉलॉजीत बी.एस्सी., मग एम.एस्सी.

फॉर्म भरण्याआधी मात्र जुन्या गोव्यात एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत वेळ मागून घ्या. पशुपालनावर काम करणारे शास्त्रज्ञ तिथे आहेत. वही तिच्याकडे असू द्या आणि प्रश्न तिला विचारू द्या. तुम्ही शेजारी बसून ऐका.