‘अवशेष’ गाळणीत अडकतो की गाळून जातो?

दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारले आहे: ‘रेसिड्यू तपासताना नमुना गाळून घेतो, असे प्रयोगशाळेत सांगितले. शाळेत तर शिकलो की गाळण कागदावर उरतो तो अवशेष. मग औषधाचा अवशेष गाळणीतच राहून जात नाही का?’

शंका रास्त आहे. आपण दोन वेगळ्या गोष्टींना ‘अवशेष’ म्हणतो. कागदावर उरतो तो न विरघळलेला. फवारणीनंतर मण्यात उरतो तो मात्र द्रावकात उतरणारा. द्राक्षांच्या लगद्यात द्रावक घालून घुसळले की औषध त्यात येते. मग सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून चोथा तळाशी बसवतात आणि वरची निवळ घेतात. (‘चुन्याची निवळी’मधली हीच निवळ, किती नेमका शब्द आहे!) ही निवळ बहुधा ०.२ मायक्रॉन छिद्रांच्या पटलातून, म्हणजे अतिबारीक गाळणीच्या पातळ पडद्यातून, गाळतात. ०.२ मायक्रॉन म्हणजे २०० नॅनोमीटर. औषधाचा रेणू साधारण एक नॅनोमीटरचा. तो पार होतो. अडतात ते तपासणी यंत्राची नळी तुंबवणारे कण. २०१० साली ज्या क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकामुळे आपली द्राक्षे युरोपात अडली, ते तर पाण्यातही सहज विरघळते.

काही औषधे पटलाला थोडी चिकटू शकतात, हे खरे. म्हणून स्वच्छ द्राक्षांत ठरावीक औषध मुद्दाम मिसळून ते कितपत परत मिळते हे पाहतात. साधारण ७० ते १२० टक्के मिळाले तर पद्धत ग्राह्य धरतात.

गोदावरीच्या पाण्यातले जिवाणू मोजताना सगळे उलटे. १०० मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या पटलातून ओढतात, खाली गेलेले पाणी टाकून देतात आणि पटलावर अडलेले जिवाणू वाढवून मोजतात.

‘गाळणे’ हे ‘गळणे’चे प्रयोजक रूप, आणि ते दोन्हीकडे चालते. ‘चहा गाळला’ म्हणजे गाळून आलेला घेतला. ‘नाव गाळले’ म्हणजे वगळले. म्हणून ‘कीडनाशक गाळले’ असे लिहू नये, ते काढून टाकले असा अर्थ होईल. औषध उतरलेल्या द्रावकाला अर्क म्हणून ‘अर्क गाळला’ म्हणावे. ‘गाळप’ उसाकडेच राहू द्यावे. गाळण्याला ‘निस्यंदन’ हा शास्त्रीय शब्द चुकीचा नाही, पण बागायतदाराला द्यायच्या कागदावर त्याची गरज नाही. आणि मण्यातल्या औषधाला, कृषी खात्याच्या पत्रकांत असते तसे, ‘उर्वरित अंश’ म्हणावे. कागदावर राहतो त्याला ‘गाळ’ पुरेसा आहे.