कोकमातलं द्रव्य आहे म्हणून गार्सिनियाच्या गोळ्या घ्याव्यात का?

तुमचा प्रश्न असा: बाळंतपणानंतर वाढलेलं वजन उतरवायला गार्सिनिया कंबोजियाच्या गोळ्या घेऊ का, आणि "कोकमातलंच द्रव्य आहे, अपाय कसला?" हे मैत्रिणीचं म्हणणं खरं का? मी फार्मासिस्ट आहे, सिंधुदुर्गात माझं मेडिकल आहे. माझं सरळ उत्तर: घेऊ नका. बाळ अंगावर पीत असेल तर मुळीच नको.

कोकमाचं नातं खरं आहे. केरळात माशांच्या कालवणात कुडमपुळी घालतात, तेच हे झाड, आपल्या रातांब्याचं म्हणजे कोकमाचं भावंड. दोन्हींच्या सालीत हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल असतं. जास्तीच्या साखरेची चरबी व्हायला जे एन्झाइम लागतं, त्याला ते अडवतं. उंदरांवर हा परिणाम चांगला दिसला आणि जाहिराती तिथूनच सुरू झाल्या.

माणसांत तसं घडलं नाही. अमेरिकेत १३५ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली, १९९८ साली ती प्रसिद्ध झाली. सगळ्यांना सारखाच कमी उष्मांकाचा आहार दिला होता. अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलो उतरलं आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलो. म्हणजे जे उतरलं ते आहारानं. २०११ मध्ये अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा गोळीच्या बाजूनं फरक निघाला तो जेमतेम ०.८८ किलोचा. फायदा म्हणून एवढंच सांगता येतं.

तोट्याची बाजू यकृताची आहे. २०२२ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी गार्सिनियामुळे यकृताला इजा झालेल्या २२ रुग्णांची माहिती मांडली. बहुतेकांच्या गोळीत ग्रीन टीचा अर्कही होता. काही जणांच्या जनुकांतच हा धोका असतो, पण आपण त्यांतले आहोत का, हे गोळी घेण्याआधी कोणाला ठाऊक असतं? असं क्वचितच होतं, मान्य. पण एका किलोसाठी तेवढी जोखीमही मला पटत नाही. मधुमेहाच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो.

सोलकढी बिनधास्त प्या. चार आमसुलं आणि रोज दोन-तीनदा घट्ट अर्काची कॅप्सूल, यांत मात्रेचा मोठा फरक आहे.

डब्यावरचा एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नंबर बघून निर्धास्त होऊ नका. हा माल खाद्यपदार्थ म्हणून विकला जातो. त्या नंबरावरून उत्पादकाकडे परवाना आहे एवढंच कळतं, वजन उतरतं हे नाही. 'हर्बल' म्हणवणाऱ्या गोळ्यांत सिबुट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं अनेकदा सापडलंय. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे भारतात त्यावर २०११ पासून बंदी आहे. म्हणून एखाद्या गोळीनं भूक अचानक मेली, छाती धडधडू लागली, झोप उडाली, तर 'गुण येतोय' असं समजू नका.

त्या पैशांत आधी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. बाळंतपणानंतर काहींचा थायरॉइड बिघडतो आणि वजन त्यामुळेही अडून राहतं.

गोळ्या आधीच सुरू केल्या असतील तर बंद करा. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अन्नावरची वासना जाणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, यांतलं काहीही जाणवलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, एलएफटी ही यकृताची रक्ततपासणी करून घ्या आणि गोळ्यांचा डबा सोबत न्या.