बाबा म्हणतात झालं ते झालं, आत्या म्हणते निकालच चुकला होता

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातले. आजोबा 2001 ला वारले, आजी त्याच्या आधीच गेली. वडिलोपार्जित 12 एकर वावर, मृत्युपत्र नाही, वाटणी कधी झाली नाही, फेरफार बाबांच्या एकट्याच्या नावानं. आत्या एकच. 2016 ला एका वकिलानं तिला सांगितलं का सुप्रीम कोर्टाच्या निकालानं तुमचं काही निघत नाही. आता ती म्हणते तो निकाल 2020 ला पलटला, अर्धं वावर द्या. बाबा म्हणतात कोर्टच मत बदलत राह्यलं तर माणसानं भरोसा कशावर ठेवायचा, मी 2012 ला तिथं विहीर खोदली. पोळ्याला दोघं इतके भांडले का आत्या जेवलीच नाही. बरोबर कोण?

उत्तर : भाऊ, बरोबर कोण ते मागून पाहू, आधी हे पहा का दोघं एकाच गोष्टीवर भांडून राह्यले का. मले तरी नाही वाटत. आत्या म्हणते निकाल चुकीचा होता. बाबा त्याचं उत्तरच देत नाहीत, ते म्हणतात चुकीचा असला तरी आता हलवू नका. एक म्हणते बैल लंगडा हाय, दुसरा म्हणते पेरणी तोंडावर आली. दोन्ही खरं असू शकते, म्हणून तर भांडण संपत नाही. बाबांना एकच विचारा, जुना निकाल कायद्याला धरून होता असं तुम्हाला वाटते का? हो म्हणाले तर वाद कायद्याच्या अर्थाचा. "ते सोड, पण..." म्हणाले तर वाद भरोशाचा, मग कायद्याचं पुस्तक काढून काही होत नाही.

आता अर्थाचं. हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली अन् 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखी जन्मानंच हिस्सेदार झाली. 2015 ला प्रकाश विरुद्ध फुलवती केसमध्ये दोन न्यायाधीश म्हणाले त्या तारखेला बाप जिवंत पाहिजे. 2018 ला दानम्माच्या केसमध्ये बाप 2001 लाच वारलेला, तुमच्या आजोबांसारखा, तरी दुसऱ्या दोघांनी मुलींना हिस्सा दिला. दोघांचा एक निकाल इकडं, दोघांचा एक तिकडं, म्हणून मामला तिघांपुढं गेला आणि 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा केसमध्ये ठरलं का हक्क जन्मानं येते, बाप जिवंत असण्याची अट कायद्यात नाहीच. म्हणजे कोर्टानं 2020 ला नवा हक्क काढला नाही, 2005 चाच कायदा नीट वाचला. इथं आत्या बरोबर.

भरोशाचा मुद्दा मी उडवून लावत नाही, कोर्टानंही नाही लावला. 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर वाटणीपत्र झालं असन किंवा कोर्टाच्या हुकमानं वाटणी झाली असन तर ती मोडत नाही. तोंडी वाटणी मात्र सहसा धरत नाहीत, सरकारी कागदाचा भक्कम पुरावा लागते. तुमच्याकडं तर वाटणीच नाही, फेरफार म्हणजे वाटणी नव्हे, ती महसूल खात्याची नोंद. आणि 2012 ची विहीर 2015 च्या निकालाच्या भरोशावर कशी खोदली, हे तुम्ही बाबांना विचारू नका, मी विचारलं असं सांगा.

आता खरी गंमत. 2015 च्याच हिशोबानं पाहा, म्हणजे आत्या जन्मानं हिस्सेदार नाही असं धरून : आजोबांचा हिस्सा 6 एकर, बाबांचा 6. आजोबांचे 6 त्यांच्या दोन वारसांत, म्हणजे आत्याचे 3. वकिलानं "काही निघत नाही" सांगितलं ते तेव्हाही चुकीचंच. 2020 च्या हिशोबानं आजोबा, बाबा अन् आत्या तिघांचे 4-4, आजोबांचे 4 दोघांत अर्धे-अर्धे, म्हणजे आत्याचे 6. म्हणजे निकाल पलटण्यावरून खरा वाद आहे तो 3 एकराचा, पहिल्या 3 एकराला तर बाबांचा आवडता निकालही आड येत नव्हता, ते का नाही दिले?

कागद घेऊन दिवाणीच्या वकिलाकडं जा. विहिरीचा तुकडा बाबांच्या वाट्याला यावा असं वाटणीत मागता येते, अन् ते मागणं मले रास्त वाटते.